टेकडीवरचा सायकल ट्रेल: हो-नाही म्हणण्याआधी ती रेष चालून या

प्रश्न थोडक्यात असा: सार्वजनिक मालकीच्या एका टेकडीवर, झाडीतून, साधारण ९ किलोमीटरचा माउंटन बाइक ट्रेल करावा असा सायकलस्वारांच्या गटाचा प्रस्ताव आहे. रोज फिरायला जाणारे, पक्षी पाहणारे आणि टेकडीलगत राहणारे यांचा त्याला विरोध आहे. विरोधाचे मुद्दे चार. माती वाहून जाईल, प्राणी बिथरतील, चालणाऱ्यांना धडका बसतील आणि सगळ्यांची जमीन एका छंदाला का द्यायची. विचारणारे स्वतः कुठल्याच बाजूचे नाहीत. मत देण्यासाठी नेमलेल्या समितीत ते आहेत, प्रस्तावाचा नकाशा त्यांनी सोबत जोडला आहे आणि त्यांना एवढंच विचारायचं आहे, की कुणाचं खरं मानायचं.

डोंगरवाटा आखणं आणि बांधणं हे माझं काम. चालणाऱ्यांसाठी, घोड्यांसाठी, सायकलींसाठी, तिन्ही प्रकारच्या वाटांवर घाम गाळलाय. त्या अनुभवावरून सांगतो: अशा बैठकांत दोन्ही बाजू सायकलींबद्दल तावातावाने बोलतात आणि वाट नेमकी कुठून जाणार याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्याच टेकडीवर, त्याच लांबीची वाट एका रेषेवर आखली तर वर्षाकाठी थोड्या डागडुजीवर वर्षानुवर्षं टिकते. शेजारच्याच दुसऱ्या रेषेवर आखली तर दोन पावसाळ्यांत तिची ओघळ होते. तेव्हा तुमच्या समितीने पहिला वेळ नकाशावरच्या रेषेला द्यावा. बाकीचे बरेच मुद्दे तिथेच सुटतात किंवा तिथेच खरे ठरतात.

आधी पाण्याचं बोलू, कारण वाटेची माती सर्वांत जास्त नेतं ते पाणी. चाक किंवा बूट माती मोकळी करतो, वाहून नेतं पाणी. म्हणून आखणी करणारा माणूस आधी 'पाणी वाटेवर किती वेळ थांबणार' हे बघतो. सरळ उतारावर, म्हणजे पाणी ज्या दिशेने आपोआप खाली पळतं त्याच दिशेने वाट काढली, तर वाटच नाला होते. मग ती चालणाऱ्यांची असो की सायकलींची. वाट उताराला आडवी, टेकडीच्या अंगाने जायला हवी, म्हणजे वरून आलेलं पाणी वाट ओलांडून खाली निघून जातं.

याचा एक साधा हिशेब आहे. वाटेचा स्वतःचा चढ हा त्या जागच्या टेकडीच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. टेकडीचा अंगचा उतार १६ टक्के असेल, तर त्यावरच्या वाटेचा चढ ८ टक्क्यांच्या आत हवा. त्याहून जास्त झाला तर पाणी आडवं उतरण्याऐवजी वाटेनेच धावायला लागतं. या नियमामुळे एक गंमत होते, ती लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. अगदी सपाट जमीन ही वाटेला वाईट जागा आहे. अंगचा उतार ३-४ टक्के असेल तिथे पाण्याला जायला जागाच नसते, डबकं साठतं, लोक डबक्याच्या कडेने जातात, कड तुडवली जाते, डबकं रुंदावतं आणि दोन फुटांची वाट बघता बघता दहा फुटांचा चिखल होते. 'सपाट भागातून न्या, तिथे काही नुकसान नाही' अशी तडजोड बैठकीत हमखास सुचवली जाते. ती मान्य करू नका.

दुसरं मोजमाप: संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्या आत. म्हणजे १०० मीटर चाललात तर उंची फार तर १० मीटरने बदलावी. मध्येच एखादा छोटा तुकडा जास्त चढाचा चालतो, तिथे खडक असेल तर तो आणखी चालतो. तिसरं, उतरत्या वाटेत दर काही मीटरवर एक छोटा उलटा चढ हवा, म्हणजे वाट खाली जाता जाता क्षणभर वर उचलते आणि पुन्हा खाली जाते. त्या खोलगट जागी पाण्याला वाट सोडून बाहेर पडावंच लागतं. आणि चौथं, वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित, साधारण ५ टक्के, कललेला ठेवायचा. हे सगळं आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या मार्गदर्शनात आहे. ही संघटना १९८८ साली अमेरिकेत स्थापन झाली. पण तत्त्वं सायकलींपुरती नाहीत. चालायच्या चांगल्या वाटासुद्धा अशाच बांधतात.

हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. प्रस्तावकांकडून प्रत्येक तुकड्याचा चढ आणि त्या जागचा अंगचा उतार असे दोन आकडे मागा. क्लिनोमीटर हे खिशात मावणारं उपकरण आहे, त्यातून डोळा लावून एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंतचा उतार टक्क्यांत वाचता येतो. प्रस्तावकांनी हे काम केलेलं नसेल आणि कम्प्युटरवर बसून उपग्रहाच्या चित्रावर रेष ओढली असेल, तर तो प्रस्ताव अजून प्रस्तावच झालेला नाही. परत पाठवा.

मातीच्या मुद्द्यावर विरोधकांना एक सांगावं लागेल, जरा जपून. तुमच्या टेकडीवर आजही पायवाटा आहेत. त्यांवरून एकदा खाली मान घालून चाला. झाडांची मुळं उघडी पडून पायऱ्यांसारखी वर आली आहेत का? वाटेच्या दरीकडच्या कडेला मातीचा बारीक बांध तयार होऊन पाणी आत अडकतंय का? चढ संपतो तिथे खाली वाळू-खड्यांचा पंखा पसरलाय का? असेल, तर ती माती सायकली यायच्या आधीच गेलेली आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात चालणारे, घोडे, मोटरसायकल आणि सायकल यांची वाटेवरून ठरावीक ये-जा करवून पाहिली. घोड्यांच्या आणि माणसांच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली, विशेषतः ओल्या वाटेवर. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अस्पर्शित जंगलजमिनीवर पायी आणि सायकलने ५०० पर्यंत फेऱ्या मारून गवत-रोपं किती तुडवली जातात ते मोजलं. दोघांत लक्षणीय फरक निघाला नाही.

सायकलवाले हे अभ्यास हातात घेऊन बैठकीला येतात. त्यांनाही थांबवायला हवं. हे प्रयोग छोट्या तुकड्यांवर, मोजक्या फेऱ्यांचे होते. उतारावर ब्रेक दाबून मागचं चाक घासत नेणारा नवशिक्या त्यात फारसा येत नाही, आणि तो प्रत्यक्षात रोज येतो. वळणाच्या अलीकडे ज्या लाटा उठतात, त्या या ब्रेकच्या असतात. शिवाय चालणारा एका सकाळी ४-५ किलोमीटर जातो, सायकलवाला त्याच वेळात त्याच्या तिप्पट-चौपट. प्रति किलोमीटर नुकसान सारखं धरलं तरी माणशी नुकसान सारखं होत नाही. तेव्हा 'सायकलने काहीच होत नाही' हे वाक्य जो म्हणेल त्याच्या बाकीच्या वाक्यांकडेही संशयाने बघा.

प्राण्यांच्या बाबतीत विरोधकांची बाजू मला जास्त वजनदार वाटते, फक्त ते ती चुकीच्या टोकाने मांडतात. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या अँटिलोप आयलंडवर बायसन, म्यूल डीअर (एक हरीण) आणि प्राँगहॉर्न (हरणासारखा प्राणी) यांच्यावर केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. माणूस पायी आला की सायकलवर, प्राण्यांच्या बिथरण्यात फारसा फरक दिसला नाही. पण बिथरणं मात्र झालंच. वाटेपासून १०० मीटरच्या आत असलेला प्राणी पळून जाण्याची शक्यता साधारण ७० टक्के निघाली. त्याच अभ्यासात तिथे येणाऱ्या लोकांनाही विचारलं होतं. जवळपास निम्म्या लोकांना आपल्या येण्याने प्राण्यांना काही त्रास होतो असं वाटतच नव्हतं. आणि त्रास होत असलाच, तर तो दुसऱ्या प्रकारच्या लोकांमुळे होतो, असं बहुतेकांचं मत होतं. ही एक ओळ प्रत्येक जनसुनावणीच्या दारावर लावायला हवी. (तुमच्या विरोधकांपैकी किती जण टेकडीवर कुत्र्याचा पट्टा काढून त्याला मोकळं सोडतात, हेही सहज विचारून बघा.)

उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यातल्या स्टार्की प्रायोगिक वनात एल्क हरणांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांच्या हालचाली मोजल्या. तिथे मोटारीवर चालणाऱ्या चारचाकी वाहनांपासून एल्क सर्वांत लांब राहिले, त्यानंतर सायकलींपासून, आणि चालणारे व घोडेस्वार यांच्यापासून तुलनेने कमी लांब. म्हणजे प्राणी कोणता, जागा किती उघडी, झाडी किती दाट, यावर उत्तर बदलतं. या सगळ्यातून कामाची गोष्ट एकच निघते. आजवर वाट नसलेल्या, शांत तुकड्याच्या मधोमध नवी वाट काढू नये, कुणासाठीच. जुन्या वाटांजवळ, रस्त्याच्या बाजूला, कडेकडेने काढली तर नव्याने बिथरणारं क्षेत्र कमी राहतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना १००-१०० मीटरचा पट्टा नकाशावर रंगवा आणि मग किती जागा बिनरंगाची उरते ते पाहा. नऊ किलोमीटरची वाट दाटीवाटीने वळवली तर ती टेकडीचा छोटा कोपरा व्यापते, ऐसपैस फिरवली तर सगळी टेकडी गिळते. लांबी तीच. याखेरीज दोन अटी सरसकट घाला: अंधार पडल्यावर वाट बंद, आणि विणीच्या हंगामात ज्या तुकड्यात घरटी असतात तो तुकडा बंद.

आता धडका. आकडेवारीपेक्षा इथे भीती मोठी असते, आणि भीतीला मी कमी लेखत नाही. वयस्कर माणूस मागून सर्रकन आलेल्या सायकलने दचकला आणि त्याने त्या वाटेने जाणं सोडलं, तर अपघात झाला नाही तरी त्याची वाट गेलीच. हा त्रास एकतर्फी असतो हे लक्षात घ्या. सायकलवाल्याला चालणाऱ्याचा फारसा उपद्रव वाटत नाही, चालणाऱ्याला सायकलवाल्याचा वाटतो. म्हणून 'आमची तर काही तक्रार नाही, सगळे मिळून वापरू' असं सायकलवाले मनापासून म्हणतात, आणि समोरच्याला ते उद्धटपणाचं वाटतं. न्यूझीलंडच्या क्वीन शार्लट ट्रॅक या लांब पायवाटेवर सायकलींना परवानगी दिल्यानंतर चालणाऱ्यांची मतं अभ्यासली गेली. ज्यांची वाटेत खरोखर सायकलींशी गाठ पडली होती त्यांचं मत, गाठ न पडलेल्यांपेक्षा सौम्य निघालं. हा अभ्यास विरोधकांच्या तोंडावर फेकायचा नसतो. त्यावरून एवढंच कळतं की मर्यादित काळ वापरून पाहण्याने बऱ्याचदा वातावरण निवळतं.

पण आखणीत काय करायचं? पाट्यांनी वेग कमी होत नाही. 'सावकाश चालवा' ही पाटी वाचायलासुद्धा सावकाश जावं लागतं. वेग कमी होतो तो वाटेच्या घडणीने: वळणाआधी छोटा चढ, दोन झाडांमधून किंवा दोन दगडांमधून काढलेली चिंचोळी जागा, सलग सरळ उतार कुठेही न ठेवणं. आणि जिथे समोरचं दिसत नाही तिथे एकतर झुडपं छाटून दृष्टी मोकळी करायची, नाहीतर वेगच येणार नाही अशी वाट करायची. पायवाट आणि सायकलवाट एकमेकींना छेदतात ती जागा सर्वांत नाजूक. तिथे सायकलवाट चढावर आणून, काटकोनात, आडव्या लाकडांमधून नागमोडी काढून ओलांडायला लावतात. अडथळा सायकलीच्या बाजूला असावा, पायवाटेला हात लावू नये. कुणी कुणाला वाट द्यायची याबद्दल वाद नको: सायकलवाला चालणाऱ्याला देतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलींना परवानगी दिली तीच या अटीवर, की चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना त्यांनी वाट द्यावी.

जागा इतकी कमी असेल की वाटा वेगळ्या काढताच येत नाहीत, तर दिवस वाटून घ्या. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बेटासो परिसरात बुधवारी आणि शनिवारी सायकलींना बंदी असते, त्या दिवशी चालणारे निर्धास्त. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्साली इथे घोडे आणि सायकली यांना वाटांची जोडी दिवसाआड वाटून दिली आहे. कुणालाही हे आवडत नाही, पण चालतं.

'सगळ्यांची जमीन एका छंदाला का' हा चौथा मुद्दा मातीसारखा मोजता येत नाही, आणि तो मोजायला जाऊही नका. ही मूल्यांची निवड आहे आणि शहाणी माणसं ती वेगवेगळी करतात. स्कॉटलंडने २००३च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक जमिनींवर पायी, घोड्यावर आणि सायकलने जाण्याचा हक्क दिला. अमेरिकेत १९६४च्या कायद्याने राखलेल्या वन्य क्षेत्रांत यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे आणि सायकल त्यातच धरली जाते. 'इथे शांतता हवी, म्हणून नको' असं समिती उघडपणे म्हणाली तर मला ते पूर्ण मान्य आहे. मनात शांतता असताना कागदावर 'मातीची धूप' लिहिणं मात्र नको. पुढच्या वर्षी कुणीतरी क्लिनोमीटर घेऊन येतो आणि कागद खोटा पाडतो.

नकार दिल्यावर काय होतं तेही धरून चाला. टेकडीवर सायकली आजही येत असतील. चोरून काढलेल्या वाटा मी पाहिल्या आहेत. त्या जवळजवळ नेहमी सरळ उतारावर असतात, कारण रात्री कुदळ घेऊन गेलेल्याला वळणं खोदायला वेळ नसतो. पण 'परवानगी दिली नाही तर पोरं करणारच' असं प्रस्तावक बोलून दाखवत असतील तर त्यांना तिथेच अडवा. ही धमकी आहे. उलट अट घाला, की नवी वाट उघडण्याआधी त्यांनी स्वतः खपून जुन्या चोरवाटा बुजवायच्या, वर पालापाचोळा आणि लाकडं पसरायची, आणि तिथे पुन्हा चाक दिसलं तर नवी वाट बंद.

देखभालीबद्दल प्रस्तावात काय लिहिलंय ते वाचलं. 'स्वयंसेवक करतील' एवढंच आहे. हे पुरेसं नाही. पहिल्या वर्षी श्रमदानाला झुंबड असते, फोटो निघतात. खरा प्रश्न पाचव्या वर्षाचा, जेव्हा गट चालवणारी दोन माणसं गाव सोडून गेलेली असतात आणि पाणी बाहेर काढणाऱ्या खोलगट जागा गाळाने भरलेल्या असतात. लेखी करार हवा: मोठ्या पावसानंतर तपासणी कोण करणार, पडलेलं झाड किती दिवसांत हटवणार, अपघाताची जबाबदारी आणि विमा कुणाचा, आणि काम झालं नाही तर वाट बंद करून जमीन पूर्ववत करायचा खर्च कुठून येणार. वाट बंद करायचा अधिकार जमीन सांभाळणाऱ्या खात्याकडे असावा, गटाकडे नको. ई-बाइकचं काय, तेही आत्ताच लिहा. युरोपात २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत करणारी ई-बाइक सायकलच मानतात. तुम्ही काय मानणार ते नंतर ठरवायला गेलात तर दुसरं भांडण उभं राहील.

आता तुमचा नकाशा. त्यात मला तीन वेगळे तुकडे दिसतात. वरचा, साधारण पाच किलोमीटरचा, झाडीतून अंगाअंगाने जातो. नकाशावरच्या समोच्च (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषांवरून तो बरा दिसतो, चढाचे आकडे आले की पक्कं सांगता येईल. मधला दोन किलोमीटरचा तुकडा ओढ्याला चिकटून जातो. तो मला मान्य नाही. ओढ्याकाठची जमीन सपाट आणि ओली असते, पाण्यावर येणारे प्राणी तिथेच येतात, आणि वाटेवरची माती थेट पाण्यात पडते. हा तुकडा वर उचलून ओढ्यापासून लांब न्यावा आणि ओढा फक्त एकदाच, काटकोनात, खडकावरून किंवा साकवावरून ओलांडावा. खालचा तुकडा सध्याच्या फिरण्याच्या वाटेवरच टाकलाय. वादाची खरी ठिणगी तिथे आहे, आणि प्रस्तावकांनी काही मीटर खोदकाम वाचवायला ती पाडली आहे. वेगळी वाट काढा म्हणावं.

पुढची बैठक सभागृहात घेऊ नका. प्रस्तावकांना रेषेवर झेंड्या लावायला सांगा, दर १०-१५ मीटरला एक, आणि दोन्ही बाजूंची तीन-चार माणसं घेऊन चाला. विरोधकांना पुढे ठेवा. झेंडी कुठल्या झाडाच्या मुळांवरून जाते, कुठून एखाद्याचं अंगण दिसतं, कुठे पहाटे पक्षी पाहणारे उभे राहतात, हे त्यांना माहीत असतं आणि सायकलवाल्यांना नसतं. त्यांनी दाखवलेल्या जागी तिथल्या तिथे झेंडी उपटून दुसरीकडे रोवायची. हलवता येत नसेल तर का नाही ते तिथेच सांगायचं. हे चालणं जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवसांत जमवलंत तर पाणी कुठे साचतं ते कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

त्यानंतर शिफारस लिहा: वरचा तुकडा चढाचे आकडे तपासून मंजूर, मधला सध्याच्या रेषेवर नामंजूर, खालचा वेगळ्या वाटेने. आधी फक्त वरचा तुकडा बांधायचा, एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यायचा, आणि ठरलेल्या दहा-बारा जागी खुंट्या मारून वाटेची रुंदी आणि खोली पावसाआधी व पावसानंतर मोजायची. मोजणीला एक माणूस विरोधकांचा असावा. खोली किती वाढली तर पुढचं काम थांबेल तो आकडा आजच, काम सुरू होण्याआधी, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी ठरवून ठेवा.